गेम गावात उतरली की आधी काट्यावर घ्या

रात्रीचे अडीच. ऊस टाकायच्या गव्हाणीत काहीतरी अडकलेलं, त्यामुळं काटा बंद आणि गाड्यांची रांग पार वळणापर्यंत गेलेली. बीडकडच्या एका ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर ड्रायव्हर माझ्या केबिनच्या खिडकीला टेकून मोबाईलवर वाचत उभा होता. वाचत होता माझीच कादंबरी, कारण रांगेतल्या प्रत्येकाला लिंक पाठवायची खोड तेव्हा मला होती. प्रकरण सतरावं. माझा हिरो कोल्हापुरातल्या शिवाजी पुलाखाली जलराक्षस मारतो, राक्षसातून दहा हजार सोन्याची नाणी पडतात, हिरो ती 'बॅगे'त टाकतो आणि शीळ घालत गंगावेशीकडं चालायला लागतो.

ड्रायव्हरनं मान वर केली. "साहेब, नाण्यांचं वजन किती भरलं?"

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क आहे. पंधरा सीझन झाले. भरगाडी काट्यावर घ्यायची, आकडा धरायचा, रिकामी होऊन आली की परत घ्यायची, वजाबाकी करून पावती द्यायची. आणि मलाच वजन विचारलं तर तोंडात शब्द नाही. एक नाणं दहा ग्रॅमचं धरलं तर दहा हजारांचे शंभर किलो. एक क्विंटल. वितळवून ओतलं तर सगळं सोनं पाच लिटरच्या तेलाच्या कॅनपेक्षा वाटीभरच जास्त होईल, पण तो कॅन उचलायला दोन हमाल लागतील. आणि हा गडी शीळ घालत निघालाय.

ती चाळीस प्रकरणं मी नंतर काढून टाकली आणि नव्यानं लिहायला बसलो. ऑनलाइन गेमचं जग खरं होतं, असल्या गोष्टी लिहिणारी बरीच पोरं आता मराठीत आहेत. जपानी इसेकाई (माणूस दुसऱ्याच जगात जाऊन पडतो त्या गोष्टी), कोरियन वेबटून (मोबाईलवरच्या चित्रकथा), रशियाकडून आलेलं लिटआरपीजी (गेमसारख्या लेव्हल-आकड्यांवर चालणाऱ्या कादंबऱ्या) वाचून तयार झालेली. त्यांच्यासाठी हे लिहितोय. जादूचे प्रकार किती असावेत, तलवारीला नाव काय द्यावं, यात मी पडत नाही. मला कळतं ते एवढंच, की खेळात जे फुकट असतं ते खऱ्या गावात कुणाच्या तरी खात्यावर पडतं. ते खातं कुणाचं, हे शोधायला लागलात की जग आपोआप बांधत जातं.

आधी दिशा, मग मालक

या गोष्टी तीन तऱ्हेच्या. माणूस गेममध्ये जाऊन पडतो, गेम आपल्या गावात उतरते, नाहीतर दोन्ही जगं एकमेकांत कालवली जातात. नवख्यानं दुसरी तऱ्हा घ्यावी. पहिलीत जमीन, पाणी, भाकरी, संडास सगळं तुम्हालाच बांधावं लागतं. दुसरीत निम्मं काम गावानं करून ठेवलेलं असतं. तिसरी मला जमली नाही, त्यामुळं गप्प बसतो.

मग ठरवायचं, ही गेम अजून कुणी चालवतंय का? पॅच, म्हणजे मालकाकडून दुरुस्ती, येतो का? येत असेल तर जगात देव आहे, आणि लोक त्याला अर्ज करणार, त्याच्या नावानं नवस बोलणार. येत नसेल तर गेममधला प्रत्येक बग हा आता निसर्गनियम झाला. भिंतीतून आरपार जाता येईल असा एक कोपरा प्रोग्रॅमरच्या हातून राहून गेला असेल, तर तो इथून पुढं कायमचा रस्ता. त्याच्या तोंडाला आठवड्यात चहाची टपरी पडणार.

आणि मालक असला तरी तो अमर असतो असं धरून चालू नका. १९९७ च्या ऑगस्टमध्ये अल्टिमा ऑनलाइनची चाचणी चालू होती. गेमचा निर्माता रिचर्ड गॅरियट स्वतः 'लॉर्ड ब्रिटिश' राजा होऊन प्रजेपुढं उभा राहिला. सर्व्हर मध्येच पडून परत उठला होता आणि राजाला इजा होऊ नये म्हणून असलेली सोय परत लावायची राहून गेली. एका खेळाडूनं आगीचा मंत्र टाकला, राजा जागच्या जागी खलास. सगळी सत्ता हातात आणि एक बटण दाबायचं विसरलेलं! तुमच्या जगातल्या मालकाचं असं विसरलेलं बटण कुठलं, ते पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा. वाचकाला सांगायची घाई नाही.

नकाशा पाण्यावरनं काढा

किल्ले, दऱ्या, काळं जंगल यापासून सुरुवात करू नका. पाणी कुठनं येतं आणि कुठं तुंबतं ते बघा. आपल्याकडं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या प्रयाग चिखलीला मिळतात आणि पाचवी सरस्वती गुप्त आहे असं आपण मानतो, म्हणून ती पंचगंगा. गुप्त नदी! तळघराच्या पायऱ्या, सातमजली भुयार असलं काही शोधायची गरजच नाही. चार नद्यांचं पाणी मोजायचं, संगमाच्या पुढं परत मोजायचं आणि आकडा जास्त भरला की समजायचं, पाचवी चालू झाली. माझ्या नव्या कादंबरीतलं पहिलं भुयार असंच उघडतं. पाटबंधारे खात्यातल्या एका बाईला बेरीज जुळत नाही, एवढंच घडतं.

डोळ्यापुढं तरंगणारी आकड्यांची खिडकी, जिला सगळे स्टेटस विंडो म्हणतात, तीही आपण कोल्हापूरकर दर पावसाळ्यात बघतोच की. जुलै लागला की घराघरात एकच प्रश्न असतो, "किती फूट झालं?" राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, पाणी भरलं की आपसूक उघडणारे. कितवा उघडला याचा मेसेज शेतातल्या माणसाला पण येतो. आकडे सगळ्यांना तेच दिसतात, वागणं मात्र प्रत्येकाचं वेगळं. ३९ म्हटलं की चिखली-आंबेवाडीकडं जनावरं हलवायची तयारी सुरू होते. माझा चुलता मात्र ४५ झालं तरी हलत नाही, कारण २००५ ला पाणी त्याच्या तिसऱ्या पायरीला लागून माघारी गेलं होतं. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं, तेव्हा त्याला होडीतनं काढला. त्याला आकडा कळत नव्हता असं नाही. तो आकडा स्वतःच्या पायरीवर मोजत होता.

तुमच्या हिरोला 'लेव्हल १२' दिसते तेव्हा तो ती कुठल्या पायरीवर मोजतो? त्याची आई कुठल्या पायरीवर? हे लिहिलंत तर आकड्यांच्या त्या निर्जीव चौकटीत जीव येतो. नाहीतर वाचक चौकट आली की अंगठ्यानं वर सरकवतो. मी स्वतः सरकवतो.

त्याच २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराला पेट्रोल, भाजी, गॅस यांची चणचण झाली. म्हणजे ड्रॅगन शहरावर सोडायची गरजच नाही. त्याला शिरोलीच्या पुलावर नुसता झोपू द्या.

एकच नियम घ्या आणि तो गावभर फिरवा

नवीन लेखक पहिल्या प्रकरणात चाळीस नियम ओततात. एक घ्या. मी परत जिवंत होण्याचा घेतला, गेमवाले ज्याला रिस्पॉन म्हणतात तो. माणूस मेला की चोवीस तासांनी ठरलेल्या जागी परत उठतो. जागा ठरवली बिंदू चौक. अंगावर कपडे नाहीत, कारण गेममध्ये सामान मेल्या जागी राहतं.

आता हा नियम घेऊन पायी फिरा, खरोखर फिरा, मी रविवारी फिरलो. बिंदू चौकात पहिल्याच आठवड्यात टॉवेल आणि पंचे विकणारा बसणार, आणि तो दर वाढवणार. उठलेला माणूस अनवाणी असणार, म्हणून तो पंचा गुंडाळून चप्पल लाईनकडं निघणार. पैसे नाहीत, तर दुकानदार उधारी देईल का? देईल, पण आधी बघेल, हा परत परत मरणाऱ्यांतला आहे का. तिथं उधारीची नवी पद्धत जन्माला आली. चौकातच सबजेल. कैदी मेला तर भिंतीच्या बाहेर उठणार, हाकेच्या अंतरावर. म्हणजे आता जेलरचं मुख्य काम काय, तर कैद्याला मरू न देणं. पंचगंगेच्या घाटावर स्मशानात काम करणाऱ्यांचं काय? तलाठ्याकडं वारसनोंद घालायची का नाही? विमा कंपनी दावा देणार का? तीनदा मेलेल्या नवऱ्याच्या बायकोनं किती वेळा सुतक पाळायचं, हे घरातली म्हातारी ठरवणार का देवळातले गुरुजी?

या फिरण्यातनं मला बारा प्रकरणांचा मसाला मिळाला आणि एकाही राक्षसाला हात लावावा लागला नाही.

एक सूचना मात्र पाळा. नियमाला एक अपवाद पाहिजे आणि तो टोचणारा पाहिजे. माझ्याकडं फक्त ज्यांचं गेममध्ये खातं होतं तेच परत उठतात. पबजी बंद झाली त्या २०२० च्या सप्टेंबरात रागानं सगळी खाती पुसून टाकणारा एक बाप माझ्या कादंबरीत आहे. मुलाच्या भल्यासाठीच केलं होतं त्यानं. पुढचं मला इथं लिहायचं नाही, लिहिताना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

ज्यांनी गेम कधी खेळलीच नाही

इथंच बहुतेकांची गोष्ट लंगडी पडते. गेममध्ये खेळाडू असतात आणि उरलेले एनपीसी, म्हणजे सर्व्हरनं चालवलेली पात्रं: दुकानदार, पहारेकरी, काम सांगणारी म्हातारी. गेम गावात उतरली की सिस्टीम, म्हणजे गेम चालवणारी यंत्रणा, गावातल्या माणसांकडं कुठल्या नजरेनं बघेल? ज्यांचं खातं नाही ते तिच्या हिशेबानं एनपीसी. म्हणजे गंगावेशीत दूध कट्ट्यावर भल्या पहाटे धारोष्ण दूध प्यायला येणाऱ्या आजोबांच्या डोक्यावर, गेममध्ये काम सांगणाऱ्याच्या डोक्यावर असतं तसं, एकदम पिवळं उद्गारचिन्ह उगवणार आणि पोरं येऊन म्हणणार, "आजोबा, क्वेस्ट द्या." आजोबा शिव्या देतील. त्या शिव्यांतनंच एखादी क्वेस्ट सुरू झाली तर बघा काय मजा येते.

मी स्वतः सीझनमध्ये एनपीसीच असतो. "गाडी पुढं घ्या." "पावती घ्या." "मागं या." पाच महिने एवढी तीनच वाक्यं. समोरच्याला माझं नाव माहीत नसतं आणि लागतही नाही. पण माझ्या खिडकीतनं मला काय काय दिसतं ते एखाद्या हिरोला जन्मात दिसायचं नाही. म्हणून सांगतो, एक तरी प्रकरण एनपीसीच्या खुर्चीत बसून लिहा.

गावातली बाकीची माणसं भरताना रिचर्ड बार्टलची वाटणी कामाला येते. हा तोच माणूस, ज्यानं रॉय ट्रबशॉबरोबर १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात मड नावाची पहिल्या काही ऑनलाइन जगांपैकी एक गेम बनवली. नुसत्या अक्षरांवर चालायची. १९९६ मध्ये त्यानं खेळाडूंचे पत्त्यांसारखे चार रंग पाडले. चौकट म्हणजे मिळवणारे, इस्पिक म्हणजे धुंडाळणारे, बदाम म्हणजे माणसं जोडणारे, किलवर म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उठणारे. आपल्या गल्लीतल्या दहा माणसांना हे रंग वाटून बघा. आमच्या गल्लीत किलवर एकच निघाला आणि तो भजनी मंडळाचा खजिनदार आहे.

नळ आणि मोरी

आता पैसा. यात जरा जास्त वेळ घालवणार, कारण माझं पहिलं पुस्तक यातच बुडालं.

गेममध्ये पैसा राक्षसातनं येतो. त्याला नळ म्हणायचं. पैसा जातो दुरुस्तीत, औषधांत, करात. ती मोरी. नळ मोठा आणि मोरी तुंबलेली असली की पैशाचं पाणी होतं. डायब्लो दोन या गेममध्ये सोन्याला कोण विचारत नव्हतं, लोक 'स्टोन ऑफ जॉर्डन' नावाच्या अंगठीत व्यवहार करायचे. ईव्ह ऑनलाइन बनवणाऱ्या आइसलँडच्या सीसीपी कंपनीनं तर २००७ मध्ये गेमचा बाजार बघायला पगारी अर्थशास्त्रज्ञ नेमला. गेममध्ये ही पाळी, तर खऱ्या गावात काय होईल?

माझ्या सतराव्या प्रकरणाचंच पोस्टमार्टेम करून दाखवतो. हिरोनं शंभर किलो सोनं आणलं. त्याच्यामागं शंभर पोरं पुलाखाली उतरली. सगळं सोनं आलं गुजरीत, सराफांच्या पेठेत. पहिल्या दिवशी सराफ हसतील, दुसऱ्या दिवशी फळ्या लावून घेतील. भाव कोसळला. इथपर्यंत कुणीही लिहील. पुढं चला. आमच्याकडं ऊसवाल्या घरात मशागतीला, खताला पैसे कमी पडले की बायकोचं गंठण पतसंस्थेत सोनेतारण म्हणून जातं. भाव पडला की तारण अपुरं, पतसंस्थेची नोटीस, "जादा तारण द्या अथवा कर्ज भरा." म्हणजे राक्षस मेला शिवाजी पुलाखाली आणि पहिला घाव बसला कागलकडच्या एका बाईच्या गंठणावर, जिनं गेमचं नावही ऐकलेलं नाही. तिच्या नवऱ्याला हिरोबद्दल काय वाटेल? तुम्हाला खलनायक हवा होता ना? हा घ्या. त्याचं तर काही चुकलेलंही नाही.

मग मोरी कुठं बसवायची? बरेच उपाय करून बघितले. नाणी सूर्यास्ताला विरघळतात, हा पोरकट वाटला. कर बसवावा, तर तो गोळा करणारा कोण इथं गाडं अडलं. शेवटी गुजरीतल्या एका ओळखीच्या कारागिराजवळ तासभर बसलो. त्यानं कसोटीचा दगड काढून दाखवला. काळा, हाताला गार. त्यावर दागिना घासला की पिवळी रेघ उठते, तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकायचा आणि रेघ किती टिकते ते बघायचं. माझ्या डोक्यात पडला तो दगडच. नव्या कादंबरीत गेमचं नाणं दिसायला सोनं, वजनाला सोनं, पण कसोटीवर रेघच उठत नाही. सराफ घेत नाही, फक्त गेमची दुकानं घेतात. त्यामुळं गुजरीच्या बोळात दोन्हीकडचा पैसा बदलून देणारे दलाल तयार होतात, आणि गोष्टीला लागणारी सगळी लबाडी त्या बोळात मिळते.

साथ आणि शिकार

खऱ्या गेममधल्या दोन घटना प्रत्येकानं पाठ कराव्यात. सप्टेंबर २००५. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये झुलगुरुब नावाच्या भुयारात हक्कार हा मोठा शत्रू आला. तो खेळाडूंवर एक रक्तबाधा सोडायचा, जवळ उभ्या असणाऱ्यालाही ती लागायची. भुयाराबाहेर ती जाऊ नये असंच ठरलेलं होतं. पण खेळाडूंची पाळीव जनावरं बाधा झालेली असतानाच परत पाठवली गेली आणि शहरात बोलावल्यावर बाधा घेऊनच हजर झाली. शहरातल्या एनपीसींना ती लागली, त्यांना मरण नव्हतं, ते नुसते वाटत राहिले. कच्चे खेळाडू पटापट मेले, रस्त्यात सांगाड्यांचे ढीग. कोण मदतीला धावलं, कोण मुद्दाम पसरवत फिरलं. पुढं साथरोगाच्या अभ्यासकांनी यावर लिहिलं.

२०२२ ला आपल्याकडं लम्पी आली तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवले होते, आठवत असेल. गोठ्यातली गाय आणि भुयारातनं आलेला पाळीव लांडगा एकाच हौदावर पाणी पितात, एवढं लिहिलं की पुढचं प्रकरण स्वतः चालत येतं.

दुसरी घटना परत अल्टिमा ऑनलाइनचीच. गवत, गवतावर ससे, सशांवर लांडगे अशी पूर्ण साखळी तिच्यात घातली होती. खेळाडू आत सुटले आणि दिसेल ते मारत गेले. साखळी चालते का तुटते हे बघायलाही प्राणी उरेनात. शेवटी ती काढून टाकावी लागली. तेव्हा राधानगरीच्या जंगलात तुम्ही राक्षस सोडणार असाल तर आधी विचार करा, तिथल्या गव्यांचं काय होणार. ते खाली उसात उतरणार. आताही उतरतातच.

नावं आणि सिस्टीमची भाषा

'अग्निबाणप्रक्षेपणकौशल्य, स्तर चार.' असलं लिहू नका, लढाई संपते तरी नाव संपत नाही. आपल्याकडं कुस्तीच्या डावांची नावं तयार आहेत: ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, धोबीपछाड. मोजक्या अक्षरांत माणूस उचलून आपटतात. तालमीत एक दिवस जाऊन बसा. हौद्यातली माती हळद, तेल, ताक घालून कशी मळतात ते बघा. डाव शिकवताना वस्ताद पोराला आधी तोच डाव टाकून पाडतो, मग विचारतो, "कुठं लागलं?" जिथं लागलं तिथं डावाचं मर्म. माझ्या जगात कौशल्य असंच मिळतं, आधी ते स्वतःवर झेलावं लागतं. बटण दाबून कुणालाच काही मिळत नाही.

सिस्टीमचे मेसेज कुठल्या मराठीत यावेत हे एकदा ठरवा आणि बदलू नका. मी सरकारी निवडली. "आपणांस सूचित करण्यात येते की, आपला उजवा हात निकामी झालेला आहे." हिरो किंचाळतोय आणि वर ही नोटीस. बाकी माणसं आपलं कोल्हापुरी बोलतात. या दोन भाषांच्या मधल्या फटीत विनोदही सापडतो आणि भीतीही.

वेळेचं बंधन हवं असेल तर किरणोत्सवाकडं बघा. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि परत ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, रीतीनं पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आला, धूळ-धुकं असलं, वाटेत एखादी उंच इमारत आली की किरणं अलीकडंच थांबतात. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी दगडात वेळ बसवली आणि आज एखाद्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी तिला नडू शकते. या रचनेवरनं शिका. देवीला मात्र गेममधला बॉस, म्हणजे शेवटी मारायचा मोठा शत्रू, करू नका. कायद्याचं सोडा, माझी आई वाचते हो.

वही

मी जग वहीत बांधतो, काटा-पावतीसारखे तीन रकाने आखून. भरलं, रिकामं, निव्वळ. नियमानं काय दिलं, काय काढून घेतलं, हातात काय उरलं. एक नोंद दाखवतो, इन्व्हेंटरीची, म्हणजे तीच ती बॅग, जिच्यात वाट्टेल ते मावतं आणि वजन लागत नाही.

भरलं: शेतकरी एकरभर ऊस बॅगेत टाकतो आणि मोटारसायकलवरनं कारखान्यावर येतो. वाहतुकीचा खर्च शून्य. रस्त्यावर ट्रॉल्या नाहीत, रात्रीचे अपघात नाहीत. सगळे खूश.

रिकामं: ट्रॅक्टरवाल्याचा हप्ता थकला. बॅगेतला ऊस बाहेर काढल्याशिवाय काट्यावर आकडा येत नाही, आणि कारखाना पैसे देतो टनावर. म्हणजे काट्याजवळ उसाचा डोंगर ओतायला जागा पाहिजे. मग आणखी एक खोच. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळायला लागतो, नाहीतर वाळून वजन घटतं आणि साखरेचा उतारा पडतो. पण बॅगेत वेळ थांबत असेल तर? शेतकऱ्याला घाई उरली नाही. आजवर घाई त्यालाच होती, म्हणून तोडीची चिठ्ठी मिळावी यासाठी तो चिटबॉयच्या मागं फिरायचा. आता ऊस बॅगेत धरून तो दर वाढायची वाट बघत बसणार आणि वाकायची पाळी कारखान्यावर येणार. गव्हाणी रिकाम्या, बॉयलर थंड.

निव्वळ: सगळा जिल्हा उलटापालटा, आणि काट्यावरचा क्लार्क घरी.

म्हणजे मीच. ही ओळ लिहिली आणि पेन ठेवून चहा प्यायला गेलो. स्वतःच्या पोटावर पाय येतो तिथपर्यंत एखादा नियम ताणला, की मी तो पास समजतो.

ही वही घेऊन मी गेल्या सीझनला परत रात्रपाळी केली. तोच ड्रायव्हर आला. या खेपेला ट्रॅक्टर नव्हता, हप्ते थकले म्हणून मालकानं काढून घेतला होता. बैलगाडी घेऊन आला होता. नवी नऊ प्रकरणं त्यानं रांगेत उभ्याउभ्या वाचली, नाण्यांच्या वजनावर मान हलवली, कसोटीच्या दगडावर हसला. नवव्या प्रकरणात ऊसतोड्यांच्या गाड्यांवर रात्री बुटके राक्षस चालून येतात आणि बिथरलेले बैल चौदा राक्षस तुडवून मारतात.

"साहेब, ह्याची लेव्हल कुणाला मिळाली?"

"गाडीवानाला," मी म्हटलं.

"राक्षस तर बैलानं मारले की. आन् गाडीवानानं मुकादमाची उचल घेतलीय. ती फिटंपर्यंत त्याची कमाई त्याची कुठं असती? मग लेव्हल बैलाची, गाडीवानाची का मुकादमाची?"

गव्हाण चालू झाली, भोंगा वाजला, मी म्हटलं, गाडी पुढं घ्या. दहावं प्रकरण अजून लिहून झालेलं नाही.